हॅम रेडिओची अठ्ठेचाळीस तासांची शर्यत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ऑक्टोबर महिन्यातला अखेरचा शनिवार. पहाटेचे साडेपाच वाजायला पाच मिनिटे कमी आहेत. बाहेर अंधार आहे, दूधवाला अजून यायचा आहे आणि मी कानांना हेडफोन लावून, शेजारी चहाचा थर्मास ठेवून रेडिओसमोर बसलो आहे. वीस मीटरच्या बँडवर तुरळक बोलणी चालू आहेत. साडेपाचचा ठोका पडतो आणि यात्रेच्या दिवशी देवळाचा दरवाजा उघडावा तसा सगळा बँड एकदम गजबजतो. 'सीक्यू कॉन्टेस्ट, सीक्यू कॉन्टेस्ट' अशा हाका एकमेकींना चिकटून ऐकू येऊ लागतात. कुणी जपानमधला, कुणी सायबेरियातला, कुणी ऑस्ट्रेलियातला. पुढचे अठ्ठेचाळीस तास, म्हणजे सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, ही यात्रा थांबत नाही.

साडेपाचच का, असे कुणीही विचारील. जगभरच्या स्पर्धकांना एकच घड्याळ हवे म्हणून या छंदात जागतिक प्रमाणवेळ वापरतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तिथे शनिवार सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाट झालेली असते.

मी ज्या स्पर्धेबद्दल बोलतो आहे तिचे नाव 'सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स कॉन्टेस्ट'. ती १९४८ पासून भरते. ज्या अमेरिकी मासिकावरून तिला हे नाव मिळाले ते 'सीक्यू' मासिक २०२३ मध्ये बंद पडले, पण स्पर्धा चालूच आहे. ऑक्टोबरअखेर बोलून आणि नोव्हेंबरअखेर मोर्सच्या कट्ट-कडकट्ट भाषेत, अशी ती दोनदा होते. बक्षीस म्हणाल तर मानपत्र किंवा फळी. पैसे एक छदामही नाहीत. तरी हजारो माणसे दोन रात्रींच्या झोपेवर पाणी सोडतात. हे वेड नेमके काय आहे आणि त्यासाठी घरात काय काय उभे करावे लागते, ते आज सांगायचे आहे.

आधी हॅम म्हणजे कोण, ते थोडक्यात. आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो, तो एकतर्फी कारभार. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, स्वतः बोलतो आणि समोरच्याचे ऐकतोही. मध्ये मोबाईलचा मनोरा नाही, केबल नाही, उपग्रहही लागत नाही. माझ्या गच्चीवरची तार आणि त्याच्या अंगणातली तार, बस्स. यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते आणि परवाना घ्यावा लागतो. परवान्याबरोबर एक कॉल साईन मिळते. तुमच्या गाडीला जसा नंबर, तशी तुमच्या केंद्राला ही अक्षरे. भारतातल्या बहुतेक हॅमची कॉल साईन 'व्हीयू'पासून सुरू होते. धंद्याची किंवा राजकारणाची बोलणी इथे चालत नाहीत.

आता स्पर्धा. नियम तसे सोपे आहेत. ज्याच्याशी संपर्क होईल त्याला दोन गोष्टी सांगायच्या: त्याचा आवाज कसा येतो याचा शेरा आणि आपल्या विभागाचा क्रमांक. या स्पर्धेसाठी जगाचे चाळीस विभाग केले आहेत. भारताची मुख्य भूमी बाविसाव्या विभागात येते. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका हे शेजारीही तिथेच. 'फाइव्ह नाइन, टू टू' एवढे मी म्हणतो, तो त्याचे आकडे सांगतो, 'थँक यू' आणि पुढचा. दहा सेकंदांत कारभार आटोपतो. गंमत अशी, की 'फाइव्ह नाइन' म्हणजे उत्तम आवाज. पण स्पर्धेत समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा असला तरी सगळे एकमेकांना 'फाइव्ह नाइन'च देतात. लग्नात जेवण कसे झाले असे विचारल्यावर आपण जे उत्तर देतो, त्यातलाच हा प्रकार.

गुणांचे गणित मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या खंडातल्या केंद्राशी बोललात तर तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी बोललात तर एक. या गुणांच्या बेरजेला एका दुसऱ्या बेरजेने गुणायचे असते. प्रत्येक बँडवर तुम्हाला किती विभाग आणि किती देश भेटले, त्यांची ती बेरीज. समजा, मी पाचशे संपर्क केले. त्यांतले साडेतीनशे खंडाबाहेरचे, म्हणजे १०५० गुण. दीडशे आशियातले, म्हणजे १५०. एकूण १२०० गुण. सगळ्या बँडवर मिळून ६० विभाग आणि १४० देश मिळाले, तर गुणक झाला २००. माझी धावसंख्या दोन लाख चाळीस हजार.

आता पाहा, याच वेळी मला आणखी एक जपानी हॅम भेटला तर माझी संख्या दोनशेने वाढेल. पण त्या बँडवर एखादा नवा देश मिळाला तर नुसत्या गुणकामुळेच बाराशेने वाढेल. म्हणून स्पर्धक सतत पेचात असतो. एका जागी बसून हाका मारत राहावे आणि येतील त्यांना घ्यावे, की बँडभर हिंडून एखादा दुर्मिळ देश शोधावा? भाजीवाल्याने दुकान मांडून बसावे की गल्लोगल्ली फिरावे, असाच हा प्रश्न. उत्तर दर तासाला बदलते.

ते बदलते, कारण सूर्य बदलतो. लघुलहरी दूर जातात त्या जमिनीवरून नव्हे. वर शेकडो किलोमीटरवर सूर्यकिरणांनी विद्युत्भारित झालेला हवेचा थर असतो, आयनावरण. आपली लहर तिथपर्यंत जाते आणि वळून पुन्हा जमिनीवर येते. एका उडीत ती चार हजार किलोमीटरपर्यंत मजल मारू शकते आणि अशा अनेक उड्या घेत पृथ्वीच्या पाठीमागे पोचते. दिवसा ऊन तापले की दहा आणि पंधरा मीटरचे बँड खुलतात. सकाळी पूर्वेकडचे देश, दुपारनंतर युरोप. सूर्य मावळला की ते मिटतात आणि चाळीस व ऐंशी मीटरचे जागे होतात. त्यांना दिवसा खालचा एक थर गिळून टाकत असतो. रात्री तो विरतो. अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्याला सगळ्यांत कठीण, कारण सरळ वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते आणि तिथले आयनावरण फार लहरी. ज्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असते, तो महागडा रेडिओ घेऊन बसलेल्या नवख्याला सहज मागे टाकतो.

आता केंद्र कसे उभारायचे त्याकडे वळतो. मला परवाना मिळाला १९८५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्या काळी तयार रेडिओ आपल्याकडे दुर्मिळच. जुन्या बाजारातून सुटे भाग आणून मी मोर्सचा छोटा ट्रान्समीटर जोडला होता. पुढे पगार वाढला तसा माझा सगळा जीव अडकला तो रेडिओच्या डब्यात. आणखी बटणे, आणखी वॉट. हीच माझी चूक होती. आज नवख्यांना मी सांगतो, पैसा खर्च करण्याचा क्रम वरून खाली ठेवा. आधी तार, मग केबल, मग रेडिओ आणि सगळ्यांत शेवटी शक्ती.

त्यामागे हिशेब आहे. रेडिओवरचा आवाजाचा काटा एक ते नऊ असे आकडे दाखवतो. तो एका घराने वर सरकायला शक्ती चौपट लागते. म्हणजे शंभर वॉटचे चारशे वॉट केले, तर समोरच्याच्या काट्यावर फरक पडतो फक्त एका घराचा. आणि तुमच्या कानांना त्याचा काही उपयोग नाही, कारण शक्ती बोलण्याच्या कामाची, ऐकण्याच्या नाही. चांगला अँटेना मात्र जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मदत करतो. आणि ज्याचे ऐकू येत नाही, त्याच्याशी बोलणार कसे?

पहिला अँटेना फार स्वस्तात होतो. त्याला डायपोल म्हणतात. तांब्याची तार घ्यायची, मध्ये कापायची, कापलेल्या जागी केबल जोडायची आणि दोन्ही टोके इन्सुलेटर लावून नायलॉनच्या दोरीने ताणायची. लांबी किती? १४२.५ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. वीस मीटरच्या बँडसाठी साधारण दहा मीटर, चाळीससाठी वीस. सुरुवातीला वीतभर जास्तच ठेवा आणि मीटरवर पाहत थोडी थोडी छाटा. शिंप्याप्रमाणेच, कापलेले परत जोडता येत नाही. उंची अर्ध्या तरंगलांबीएवढी मिळाली तर उत्तम. तार फार खाली असली की लहर सरळ वर जाते आणि आसपासच्याच जिल्ह्यांत उतरते. दूर पोचायचे तर ती क्षितिजाकडे झुकलेली हवी.

केबलकडे कुणी लक्ष देत नाही. बारीक, स्वस्त केबल तीस मीटर टाकली, तर वीस मीटरच्या बँडवर सुमारे एक तृतीयांश शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते. जाड केबलमध्ये ही गळती निम्म्यावर येते. मी अनेक वर्षे रेडिओवर पैसे घालवले आणि गळकी बादली तशीच वापरली.

आणखी एक चूक सांगतो, ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९९८ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. माझी तार गच्चीवरच्या टाकीपासून कंपाउंडच्या नारळापर्यंत होती. नारळाकडची दोरी दोन उन्हाळे खाऊन कुजली होती, हे मी पाहिलेच नव्हते. वाऱ्याच्या एका झोतात ती तुटली आणि तार खाली आली ती रस्त्यावरच्या विजेच्या तारांपासून हातभर अंतरावर. खाली वॉचमनचा मुलगा चेंडू शोधत होता. ती तार वीजवाहिनीला टेकली असती आणि त्याने हात लावला असता, तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी अँटेना उतरवला आणि वर्षभर पुन्हा चढवला नाही. तेव्हापासूनचा माझा नियम असा, की अँटेना कसाही, कोणत्याही दिशेला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. दोऱ्या दर मे महिन्यात बदलायच्या. गडगडाट ऐकू आला, की केबल रेडिओपासून काढून खोलीबाहेर ठेवायची. स्पर्धा दर वर्षी येते.

मग येते सोसायटी. नव्या इमारतीत राहायला गेल्यावर मी गच्चीवर तार लावायची परवानगी मागितली. सर्वसाधारण सभेत गहजब झाला. 'याने किरणोत्सर्ग होतो', 'वीज पडेल', 'उद्या प्रत्येक जण खांब उभारील'. तरी कशीबशी परवानगी मिळाली. पण पहिल्याच स्पर्धेच्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "अहो, आमच्या टीव्हीच्या स्पीकरमधून तुम्ही सीक्यू सीक्यू ओरडताय. सिनेमा कसा बघायचा?" मी रेडिओ बंद केला आणि त्यांच्याबरोबर खाली गेलो. त्यांच्या स्पीकरची लांब वायर माझ्यासाठी अँटेनाचेच काम करत होती. फेराइटचे एक कडे घेतले, वायरचे सात-आठ वेढे त्यातून काढले, आणि आवाज गेला. काकूंनी चहा दिला. पुढच्या सभेत कुणी विषय काढला, तर उत्तर काकूच देतात.

उलट बाजूचा त्रास जास्त मोठा आहे. स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे अॅडॉप्टर हे घरच्या विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून तिला हवा तो आकार देतात. त्यातून निघणारी खरखर लघुलहरींवर पसरते आणि दूरचा क्षीण आवाज तिच्यात बुडतो. शोधायची युक्ती सोपी आहे. रेडिओ बॅटरीवर लावा आणि आपल्या घराचा मेन स्विच बंद करा. मी तसे केले तेव्हा निम्मी खरखर थांबली. इतकी वर्षे शेजाऱ्यांना दोष देत होतो आणि निम्मा चोर घरातच होता. उरलेल्यासाठी बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर घेऊन जिन्याने हिंडलो. दोन घरी स्वखर्चाने चांगले अॅडॉप्टर दिले. रेडिओपेक्षा खूपच स्वस्त पडले.

२०१९ साली तर कमालच झाली. स्पर्धेचा रविवार होता २७ ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. प्रत्येक बाल्कनीत दिव्यांच्या माळा, प्रत्येक माळेला एक अॅडॉप्टर, आणि काटा नुसत्या खरखरीनेच सहावर. त्यातून सूर्य मरगळलेला. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते; डाग वाढले की आयनावरण बळकट होते. २०१९ हे तळाचे वर्ष. त्याच डिसेंबरात नवे, पंचविसावे चक्र सुरू झाले. दहा मीटरचा बँड दिवसभर मुका. संध्याकाळी कुठे युरोप ऐकू यायला लागला, तर दारातून आवाज आला, "अहो, पूजेला तरी येणार आहात का, की लक्ष्मीलाही कॉल साईन द्यायची?" मी हेडफोन काढून ठेवला. दोन दिवसांचे संपर्क झाले ११२.

त्यानंतर मी केंद्र पुन्हा पायापासून बांधले. जाड केबल टाकली. घरातले अॅडॉप्टर बदलले. गच्चीवर पंधरा मीटरच्या बँडसाठी तीन दांड्यांचा यागी अँटेना उभारला. जपानचे हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ मध्ये जगापुढे मांडलेली ही रचना. जुन्या टीव्हीच्या अँटेनामुळे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ती एका दिशेला डायपोलच्या तीन-चार पट परिणाम देते आणि बाकी बाजूंचा गोंगाट कमी करते. रेडिओ तोच जुना, शंभर वॉटचा. २०२४ च्या ऑक्टोबरात माझे ७४३ संपर्क झाले. पण सगळे श्रेय मी घेणार नाही. त्याच महिन्यात नासाने सूर्य आपल्या चक्राच्या ऐन बहरात असल्याचे जाहीर केले होते. निम्मे श्रेय सूर्याचे. उरलेले निम्मे मात्र केबलचे, फेराइटचे आणि काकूंचे.

हे सगळे कशासाठी? मोबाईलवरून अमेरिकेतल्या नातवाशी बोलता येते, मग ही खटपट कशाला? हा प्रश्न मला घरातही विचारला जातो. त्याचे एक उत्तर २००४ च्या डिसेंबरात मिळाले. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमान जगभरच्या हॅमसाठी अतिशय दुर्मिळ; अनेक वर्षांत तिथून कुणी बोललेले नव्हते. जगभरातून त्यांच्यावर हाकांचा पाऊस पडत होता. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला. या मंडळींनी छंदाचे संपर्क थांबवले आणि त्याच रेडिओवरून, त्याच अँटेनावरून मुख्य भूमीशी संकटकाळाचे निरोप सुरू केले. त्याआधी २००१ च्या भूज भूकंपातही हौशी चालकांनी असेच काम केले होते.

स्पर्धा म्हणजे मदतकार्य नव्हे, असा आव मी आणणार नाही. पण तिच्यात जे शिकायला मिळते, ते तेच आहे. गोंगाटातून एक क्षीण आवाज ओळखणे. झोप नसताना अक्षर न चुकता लिहिणे. स्पर्धेनंतर सगळ्यांच्या नोंदी संगणकावर एकमेकींशी ताडून पाहतात. कॉल साईनमधले एक अक्षर चुकले, तर त्या संपर्काचे गुण जातात आणि शिवाय त्याच्या दुप्पट कापले जातात. माझ्या पहिल्या काही वर्षांच्या निकालात अशा चुकांची रांग होती. 'बहुतेक असेच असेल' म्हणून मी लिहून मोकळा व्हायचो. आता ऐकू आले नाही, तर पुन्हा विचारतो. पुरात अडकलेल्या माणसाचे नाव आणि रक्तगट घ्यायची वेळ आली, तर हीच सवय कामाला येईल. केंद्र बॅटरीवर चालते की नाही, हेही मी स्पर्धेतच काही तास तपासून घेतो.

ज्यांना गोडी वाटेल त्यांनी आधी फक्त ऐकावे. जगात काही विद्यापीठांनी आणि हौशींनी आपले रिसीव्हर इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. ऑक्टोबरअखेरच्या शनिवारी घरबसल्या ही यात्रा ऐकता येईल. मग गावातला एखादा हॅम गाठावा. त्याच्या गच्चीवर नेहमी एका माणसाचे काम शिल्लक असते.

जाता जाता आणखी एका स्पर्धेबद्दल. जपानची हौशी संघटना 'ऑल एशियन' नावाची स्पर्धा भरवते. तिच्यात विभागाचा क्रमांक नसतो; आवाजाच्या शेऱ्याबरोबर आपले वय सांगायचे असते. पहिल्या वर्षी मी २८ सांगितले होते. २०२४ मध्ये ६७ सांगितले. जपानच्या उत्तरेकडचा एक आवाज मला दर सप्टेंबरात भेटायचा. आम्ही एकमेकांना कधी पाहिले नाही, दहा सेकंदांपलीकडे कधी बोललो नाही. मी फक्त त्याचे आकडे ऐकत गेलो: ६१, ६२, ६३... ८२ पर्यंत. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या नेहमीच्या वेळेला मी पाच मिनिटे काहीच न बोलता नुसता ऐकत बसलो.

मग एक नवी कॉल साईन आली. शेरा नीट, शब्द स्पष्ट, आणि वय १४. मी लिहून घेतले, पुन्हा विचारून खात्री केली आणि माझे वय सांगितले.